टेकाडावरचं अर्धं गाऱ्हाणं

भाऊ,

परवा तुझ्या गावचा दिगंबर रजेवरून परत आला. इथे बहारीनला, तुबलीच्या आपल्या वर्कशॉपमध्ये येऊन त्यानं आधी माझ्या हातात कोकमाच्या सोलांची पिशवी ठेवली आणि मग सांगितलं, "भाऊ गेले." हा क्रम त्यानं उलटा ठेवायला हवा होता. कारण मधल्या वेळात मी पिशवीत नाक घालून हुंगलं होतं आणि "यंदा म्हाताऱ्यानं माल झकास धाडलाय" असं म्हणून मोकळा झालो होतो. तू गेल्याचं कळायच्या आधीचं माझं तुझ्याबद्दलचं शेवटचं वाक्य हे असं आहे.

"सोलां तेंनीच वाळवून भरून ठेयलली," दिगंबर म्हणाला. "'सातारकराक दी' म्हणाले. आणि मगे चार दिसांत दम लागलो तो लागलोच."

पिशवी आता स्वयंपाकघरात कट्ट्यावर आहे. शैलानं ती दोनदा डब्यात भरायला घेतली आणि दोनदा तशीच ठेवली. आमच्या माणदेशातल्या घरात सोलं कुणी पाहिलीही नव्हती. आमच्या आमटीत ती घुसवलीस तू.

तुझ्याशी 'अहो' करून बोलायची सोय नव्हती. मी पहिल्यांदा इथे उतरलो तेव्हा ऑगस्ट होता. विमानाच्या दारातून बाहेर आलो आणि चष्म्याची दोन्ही भिंगं वाफेनं पांढरी झाली. कंपनीची गाडी घेऊन तू आला होतास. मी चाचपडत म्हणालो, "तुम्ही कंपनीकडून का?" तू माझी ट्रंक उचलत म्हणालास, "तुमी म्हणान माका म्हातारो करू नको. भाऊ म्हण आणि तू म्हण." आणि कॅम्पवर पोचेपर्यंत माझ्या नावाचं सातारकर करून टाकलंस. माझं खरं नाव तुला आठवत तरी होतं का, याची मला शंका आहे.

सगळ्यांत आधी आपलं भांडण जुंपलं ते या वाळवंटावरून. तू मालवणकडचा. भिंतीला शेवाळ, विहिरीला पाणी, दारात माड. मी दुष्काळी. पाऊस न पडणं म्हणजे काय, हे मला अरबस्तानानं शिकवायची गरज नव्हती. मी इथल्या उजाड माळाकडे बघायचो तेव्हा मला माझं गाव दिसायचं आणि राग यायचा. एवढा समुद्र ओलांडून पुन्हा माळच नशिबी आला म्हणून. आणि तू मात्र सासुरवाडीला आल्यासारखा खूश. "आमच्याकडे सगळा झाकलेला," तू म्हणायचास. "झाडी, पाचोळो, शेवाळ. हंय भुंय तोंडार बोलता." मी म्हणायचो, "भाऊ, मी भाकरीसाठी आलोय, भुईशी गप्पा मारायला नाही." तू हसायचास. ते हसणं ऐकलं की मला आणखी चेव यायचा.

पण शुक्रवार आला की पिकअपमध्ये तुझ्या शेजारी जाऊन बसायचो मीच. दक्षिणेकडे, जिथे रस्ता संपतो आणि नुसत्या चाकोऱ्या उरतात. तो बुटका डोंगर, ज्याला इथले लोक धुराचा डोंगर म्हणतात आणि जो दमट दिवसांत खरोखरच धुरात बसलेला दिसतो. त्याच्याही पलीकडे ते एकटं झाड. आजूबाजूला औषधालाही हिरवं पान नाही आणि हे आपलं पसरलंय, फांद्या जमिनीला टेकवून. तू पहिल्यांदा त्याची पानं चुरगाळलीस आणि जाहीर केलंस, "शमी." मी म्हणालो, "वेडी बाभूळ. आमच्याकडे बांधाबांधावर आहे." तेव्हापासून दर दसऱ्याला तू त्याची एक काडी आणून माझ्या उशाशी ठेवायचास आणि मी ती बाभळीची काडी म्हणून परत करायचो. या झाडाला पाणी कुठून मिळतं, असं मी एकदा विचारलं. तू वाळूवर तळहात टेकवलास आणि म्हणालास, "खाली कोणतरी आसा." तुझ्या लेखी प्रत्येक प्रश्नाचं हेच उत्तर होतं.

हे बघायला मला तू शिकवलंस, ते इतक्या उशिरा कबूल करतोय. थंडीत एखादा पाऊस पडला की दोन आठवड्यांत वाळूवर मिशी फुटल्यासारखं कोवळं हिरवं उगवतं. मग तंबू ठोकून राहिलेले बहारीनी लोक जमिनीतली भेग पाहून फग्गा उकरून काढतात, बटाट्यासारखा दिसणारा, ओल्या मातीच्या वासाचा. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं तुला ओंजळभर दिला आणि तू त्याची खोबरं घालून सुकी भाजी केलीस. उन्हाळ्यात उत्तरेचा शमाल सुटला की आकाश मातकट व्हायचं. सगळे तोंडाला फडकी बांधून आत पळायचे आणि तू दारात उभा राहून म्हणायचास, "आता बघ, उद्या भुंय येगळी दिसतली." खरंच दिसायची. कालचा उंचवटा गेलेला असायचा आणि कुठून तरी दगडांची एक रांग वर आलेली असायची. आणि ते झऱ्याचं मोठं कुंड, ज्यात आपण पोहायचो. तळ दिसेल असं पाणी. दर वर्षी त्याची आणखी एक पायरी कोरडी पडायची. पंप वाढले, विहिरी वाढल्या, घरं वाढली. तू त्या कोरड्या पायरीवर बसून विडी ओढायचास आणि त्या दिवशी फारसं बोलायचा नाहीस. मी म्हणायचो, लोकांना घरं नकोत का? हाही वाद तसाच राहिला. घरं हवीतच, भाऊ. पण पायरीवर बसून गप्प व्हायलाही कुणीतरी हवं, हे मला तेव्हा पटत नव्हतं.

आता त्या टेकाडांविषयी लिहायला हवं. मी इतकं इकडचं तिकडचं का लिहीत बसलोय, हे तू केव्हाच ओळखलं असशील.

आली नावाच्या त्या कुंभारांच्या गावाभोवती नजर जाईल तिथवर टेकाडं होती. लहान, मोठी, वाटोळी. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची थडगी. कुंभारांनी काही टेकाडांच्या पोटातच भट्ट्या केल्या होत्या, आणि त्यांतून धूर निघाला की तू म्हणायचास, मेलेले जेवण रांधतायत. सरकारला वसाहत बांधायची होती आणि रस्त्यांचं काम आपल्या कंपनीकडे आलं. आधी संशोधक मंडळी यायची, टेकाड उघडायची, मडकी-हाडं मोजून पेटीत भरायची आणि ती जागा आपल्या हवाली करायची. मी सर्व्हेअर, मोजणीची दुर्बीण लावून रस्त्याच्या रेषेवर खुंट्या ठोकायचो. आणि तुझा डोझर यायचा.

तू डोझर सुरू करण्यापूर्वी खाली उतरून गाऱ्हाणं घालायचास. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. आमच्याकडे नारळ फोडतात आणि संपलं. तुमच्याकडे मात्र जागेच्या राखणदाराशी रीतसर बोलणं होतं. कोण आलंय, कशासाठी आलंय, चुकलं तर सांभाळून घे, रागावू नकोस. आणि प्रत्येक वाक्यानंतर सोबतच्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही. एकट्याचं गाऱ्हाणं म्हणजे बडबड, ते कुणाला पोचत नाही, असं तू मला बजावलं होतंस. मनामाच्या बाजारात नारळ मिळाला तर नारळ, नाही तर दगडावर एक विडी. इथल्या लोकांना उगाच खटकू नये म्हणून आवाज अगदी बारीक. "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या," असं सुरू करून तू अडखळायचास, कारण इथे बारा गावं कुठली? मग म्हणायचास, "ह्या जाग्याच्या मूळ पुरुसा, तुजा नाव आमका ठावक नाय."

मी आधी चेष्टेनं "व्हय म्हाराजा" म्हणायचो, मुद्दाम शाळेतल्या हजेरीच्या सुरात. तू रागावला नाहीस. हळूहळू ती चेष्टा कधी संपली मला कळलं नाही. एके दिवशी तू नारळ ठेवायला विसरलास आणि मीच आठवण केली.

मग तो आठवडा आला. शमाल सुटला होता. वारा पडल्यावर आपण साइटवर गेलो तर रस्त्याच्या कडेच्या रेषेवर, कुणाच्याही मोजणीत न आलेलं एक लहानसं टेकाड एका बाजूनं उघडं पडलं होतं. दगड नीट रचलेले. आतली जागा देवघराएवढी. तू गुडघ्यावर बसून बघितलंस आणि उठलास तेव्हा तुझा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता असा होता.

"सातारकर, एवढ्याशा जाग्यात मोठो माणूस मावना नाय. ह्यां पोर आसा."

मी माझ्या खुंटीकडे बघितलं.

"तुजी खुंटी चार पावलां सरकय. रस्त्याक काय व्हता? संशोधक येवन बघून जाईत."

सरकवता आली असती, भाऊ. हे तुलाही माहीत होतं. पाण्याच्या पाइपासाठी मी रेष सरकवली होती, एकदा तर फोरमनच्या शेडसाठीसुद्धा. पण ती जागा संशोधकांनी अजून हवाली केलेली नाही असं साहेबाला सांगायचं, म्हणजे काम थांबवायचं, आणि शैलाच्या आणि मुलीच्या व्हिसाचे कागद तेव्हा त्याच साहेबाच्या टेबलावर सहीसाठी पडले होते. कितीतरी खेटे घालून तिथवर पोचलेले. मी तुझ्यापासून लपवाछपवी केली नाही. तोंडावर सांगितलं, "भाऊ, साहेबाला आत्ता अडवायची ही वेळ नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. शिवी घातली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "बरां. बायकोपोरांका येवंदेत." तुझा पगार कुटुंबाच्या व्हिसासाठी लागणाऱ्या मर्यादेपर्यंत कधी पोचलाच नव्हता. तुझी चारही मुलं तू रजेरजेला मोठी होताना पाहिलीस, दर खेपेला तुझ्याकडे परक्यासारखी बघणारी. आणि तू हे म्हणालास. माझ्या छातीवर तेवढंच वाक्य बसलं आहे. तू मला माफ करून टाकलंस, मी अजून काही केलेलं नसतानाच.

मग तू दगडावर विडी ठेवलीस आणि डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलंस. आपण दोघंच होतो. बाकीची माणसं रोलरकडे होती.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या मूळ पुरुसा, तुजा नाव आमका ठावक नाय."

तू थांबलास. मी दुर्बिणीला डोळा लावला. त्यात काहीही बघायचं नव्हतं.

"आमी परमुलखातली लेकरां, पोटासाठी तुज्या दारात इलंव."

तू पुन्हा थांबलास. लांब, रस्त्याच्या टोकाला साहेबाची जीप उभी होती. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की जीप होती म्हणून मी बोललो नाही. ते खोटं आहे. तुझा आवाज माझ्यापर्यंतच मुश्किलीनं येत होता, माझा जीपपर्यंत कसा जाणार? मला लाज वाटत होती. 'व्हय' म्हणायचं म्हणजे जे होतंय त्यात मीही आहे असं म्हणायचं, आणि मला त्यात असायचं नव्हतं. रेष माझी, खुंटी माझी, व्हिसा माझा, पण पाप तेवढं मला तुझ्या एकट्याच्या नावावर ठेवायचं होतं.

"आणि ह्या पोराक..." तू म्हणालास.

आणि तू वळून माझ्याकडे बघत राहिलास. मी स्क्रू फिरवत राहिलो. वारा नव्हता. घामानं दुर्बिणीची कड माझ्या भुवईवरून घसरत होती. मग मला तुझ्या वहाणा वाळूत वाजल्याचं ऐकू आलं आणि नंतर डोझर. गाऱ्हाणं अर्धं सोडून उठू नये, असं तूच सांगायचास. तू उठलास. काम तुलाच करायचं होतं, तू नाही केलंस तर दुसरा करणार होता आणि तुझं परतीचं तिकीट निघणार होतं. पातं एकदाच गेलं. त्या दिवशी तू डबा उघडला नाहीस.

पुढच्या महिन्यात शैला आणि मुलगी आल्या. अदलियात दोन खोल्या मिळाल्या. माळ्यावर सामान चढवायला तू आलास, मुलीला खांद्यावर घेतलंस, सोलं आणलीस. शुक्रवारच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, आता पिकअपमध्ये चौघं. तू माझ्याशी पूर्वीसारखाच बोलायचास. फक्त माझ्यासमोर पुन्हा कधी गाऱ्हाणं घातलं नाहीस. डोझरवर चढायचास आणि सुरू करायचास, इतर ड्रायव्हरांसारखा. बाकी कुणाला यात काही वावगं दिसलं नसतं.

एकदा त्या एकट्या झाडापाशी मात्र तू वाळूवर हात टेकवून काहीतरी पुटपुटत होतास. माझी मुलगी तिच्या शाळेच्या इंग्रजीत म्हणाली, "भाऊकाका, हू आर यू टॉकिंग टू?" तू म्हणालास, "जाग्याक." ती म्हणाली, "बट इट्स नॉट आन्सरिंग." तू हसलास. हसताना माझ्याकडे बघितलं नाहीस, अगदी ठरवून. ती पोर काही मुद्दाम बोलली नव्हती. पण मी उठून गाडीतलं पाणी आणायला गेलो आणि उगाच बराच वेळ लावला.

तुझी छाती भरत चालली होती. त्या डोझरला केबिन नव्हती. वर्षानुवर्षं तू फडकं बांधून ती धूळ खाल्लीस. डॉक्टरनं काम बंद करायला सांगितलं आणि तुझं फायनल झालं, हिशेब चुकता करून कायमची पाठवणी. मुहर्रकला विमानतळावर सोडायला मीच आलो. बुसैतीनच्या बाजूचा समुद्र बघून तू म्हणालास, "अर्धो ब्रास बहारीन छातीत घेवन चल्लंय. कस्टमवाल्याक दिसूचा नाय." मी हसलो नाही. मी सगळ्या रस्त्यानं वाक्य जुळवत होतो. भाऊ, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. एवढंच वाक्य. ते मी तुबलीपासून घोकत आलो होतो.

आत जाण्यापूर्वी तू थांबलास आणि म्हणालास, "सातारकर, एक गोष्ट ऱ्हवली." वाटलं, आता काढणार. काढ, एकदाचं काढ. तू बोट उगारून म्हणालास, "ती शमीच हां. इसरू नको."

आणि मला इतकं हायसं वाटलं, भाऊ, की मी पटकन म्हणालो, "वेडी बाभूळ."

तू हात हलवलास आणि गेलास. घोकलेलं वाक्य मी परत घेऊन आलो. त्यानंतर मला तुझ्या गावी यायला दोन रजा मिळाल्या. एका रजेत घर बांधलं, दुसऱ्या रजेत मेव्हणीचं लग्न होतं. मालवण लांब पडतं, असं मी शैलाला म्हणालो. समुद्रापलीकडून इथवर येणाऱ्या माणसाला सातारा-मालवण लांब पडलं.

काल शुक्रवार होता. मी एकटाच त्या वसाहतीत गेलो. गाडीतून उतरलो तर चष्मा पांढरा, पहिल्या दिवसासारखा. आता तिथे घरं आहेत, कुंपणावर बोगनवेल, फाटकाशी मुलांच्या सायकली. ती जागा मला शोधावी लागली नाही. रेष मीच टाकलेली, आणि सरळ आहे. पोरांनी तिच्यावर खडूनं चौकोन आखलेत. आपल्याकडची मुलं ठिकरीचे आखतात तसेच. मी कडेच्या दगडावर एक विडी ठेवली, दिगंबरकडून मागून आणलेली. मग तसाच उभा राहिलो.

समोरच्या घरातून एक बहारीनी म्हातारा बाहेर आला. "सदीक, क्या गिर गया?" त्यानं दोस्त म्हणून हाक मारत विचारलं.

"मफी, हाजी," मी म्हणालो. काही नाही.

त्यानं विडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "गर्मी बहोत. यल्ला, पानी पियो," असं म्हणून आत जाऊन ग्लास घेऊन आला. पाणी थंड होतं. त्याच्या दारात काय होतं ते त्याला सांगावं असं फार वाटलं, पण त्याच्या घराचा पाया मी कशाला हलवू? तो म्हणाला, "तुम्हारा कोई रहता था इधर?" मी हो म्हणालो. तो सवयीनं काहीतरी दुवा पुटपुटला आणि ग्लास घेऊन आत गेला.

तुला गावच्या मसणात जाळलं, दिगंबर सांगत होता, नदीच्या कडेला, भर पावसात, चिता धरत नव्हती. म्हणजे तुझ्या छातीतली ही वाळूही तिथेच राहिली, त्या शेवाळाच्या मुलखात. इथला अर्धा ब्रास तिकडे. त्या पोराच्या दगडांची धूळही त्यातच असेल. ती तू घेऊन गेलास आणि मी इथे तिच्यावरून गाडी चालवतो.

मी तिथे माफी मागायला गेलो होतो, पण तोंड उघडल्यावर लक्षात आलं की मी माफी मागावी असं तुझं मागणं कधी नव्हतंच. दोन शब्द मागितले होतेस. तेही तुझ्यासाठी नाही. तेव्हा तेवढेच म्हणालो, आणि इथे पुन्हा लिहितो. मालवणी माझ्या तोंडात नीट बसत नाही, ते सांभाळून घे.

ह्या जाग्याच्या मूळ पुरुसा, तुजा नाव आमका ठावक नाय. व्हय म्हाराजा.

आमी परमुलखातली लेकरां, पोटासाठी तुज्या दारात इलंव. व्हय म्हाराजा.

आणि ह्या पोराक...

पुढे तू काय मागणार होतास, ते आता मला कुणीच सांगू शकत नाही. मी त्या दिवशी गप्प बसलो म्हणून ते तुझ्या तोंडातच राहिलं. जे काही असेल ते, भाऊ, न ऐकता म्हणतो.

व्हय म्हाराजा.